सहकुटुंब व्हिएन्ना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आजी-आजोबा, आई-बाबा आणि मुलं अशा तीन पिढ्या एकत्र घेऊन व्हिएन्नाला निघणाऱ्या मराठी घरांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. तिकिटांचे दर दरवर्षी बदलतात, म्हणून ते शक्यतो टाळले आहेत. ते निघण्यापूर्वी अधिकृत संकेतस्थळांवर पाहून घ्या.

युरोपात इतकी शहरं असताना व्हिएन्नाच का?

कारण इथे सहा वर्षांचं पोर आणि पंचाहत्तरीचे आजोबा एकाच दिवशी खूश राहू शकतात. जुनं शहर बऱ्यापैकी सपाट आहे, मेट्रो-ट्राम वेळेवर येतात, बसायला जागोजागी बाक आहेत आणि राजवाड्यांच्या बागा सगळ्यांना मोफत खुल्या आहेत. शिवाय सरकारी संग्रहालयांत १९ वर्षांखालील मुलांना प्रवेश फुकट. पाचजणांच्या कुटुंबाला याने किती फरक पडतो, ते पॅरिस किंवा लंडनचा खर्च मांडून बघा म्हणजे कळेल.

एवढा खर्च करून जातोय, तर एकाच शहरात राहणं म्हणजे पैसे वाया घालवणं नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर मी ठामपणे देतो: नाही. दहा दिवसांत सात देश पाहणारी माणसं बहुतेक वेळ बस आणि हॉटेलचा काउंटर पाहतात. रोज पहाटे बॅगा भरायच्या, मुलांना झोपेतून उठवून नाश्त्याला बसवायचं, आजीच्या गोळ्यांच्या वेळा चुकवायच्या, आणि घरी आल्यावर कुठला पूल कुठल्या गावातला हेही आठवत नाही. पाच पूर्ण दिवस हे किमान, सहा-सात असतील तर उत्तम. सकाळी एकच मोठी गोष्ट बघायची, दुपारी मुक्कामी येऊन जेवण आणि आराम, संध्याकाळी बाग किंवा नदीकाठ. एका दिवसात दोन संग्रहालयं कोंबू नका. तिसऱ्या दिवशी मुलं स्वतःहून ट्रामचा नंबर सांगायला लागतात, आणि तिथून पुढे शहर त्यांचं होतं.

मे महिन्याच्या सुट्टीत जावं की दिवाळीच्या?

मे. दिवसाचं तापमान साधारण वीस अंशांच्या आसपास, सकाळी-रात्री दहा अंशांपर्यंत उतरतं, मधूनच पाऊस येतो. महिन्याच्या शेवटी रात्री पावणेनऊपर्यंत उजेड असतो. पातळ स्वेटर, छत्री आणि चांगले बूट एवढ्यावर भागतं.

दिवाळीत, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पानगळ सुंदर असते, पण नोव्हेंबरच्या सुरुवातीला साडेचारलाच सूर्य मावळतो आणि पारा दहाच्या खाली असतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, मग भारत आणि व्हिएन्नातलं वेळेचं अंतर साडेतीन तासांवरून साडेचार तासांवर येतं. नातेवाइकांना फोन करताना लक्षात ठेवा. नाताळचे बाजार पाहायचे असतील तर नोव्हेंबरच्या मध्यानंतर जा, पण मग आजी-आजोबांच्या थंडीची नीट तजवीज करा.

व्हिसासाठी काय काय लागतं?

ऑस्ट्रिया शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. सर्वाधिक रात्री ज्या देशात राहणार, त्या देशाकडे अर्ज करायचा. सगळ्या रात्री व्हिएन्नात असतील तर प्रश्नच मिटला. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. मेच्या सुट्टीसाठी फेब्रुवारीतच वेळ घेऊन ठेवा, नंतर तारखा मिळत नाहीत.

शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ युरो, सहा वर्षांखाली काही नाही. व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. किमान ३०,००० युरोचा प्रवास-वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. आजी-आजोबांचा विमा घेताना मधुमेह, रक्तदाब यांसारखे आधीपासूनचे आजार त्यात धरले आहेत का, हे वाचूनच सही करा. मुलं फक्त आईबरोबर किंवा फक्त बाबांबरोबर जाणार असतील, तर दुसऱ्या पालकाचं संमतिपत्र आणि जन्मदाखला लागतो.

शेंगेन सीमेवर आता पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी फोटो आणि बोटांच्या ठशांची डिजिटल नोंद होते. बारा वर्षांखालील मुलांचे ठसे घेत नाहीत. पहिल्यांदा जाताना रांगेत वेळ जातो, म्हणून मुलांसाठी खाऊ हाताशी ठेवा.

राहायची जागा कुठे शोधावी?

पत्त्यातला पिनकोड बघा. १०७० असेल तर मधले दोन आकडे ०७, म्हणजे सातवा विभाग. १०१० हा मधला जुना भाग, महागडा. त्याला लागून असलेले दुसरा, तिसरा, चौथा, सहावा, सातवा हे विभाग कुटुंबासाठी सोयीचे. मेट्रोचं स्थानक पाच-सात मिनिटांच्या चालीवर असावं, एवढीच अट ठेवा.

आता एक बारीक पण फार महत्त्वाची गोष्ट. व्हिएन्नाच्या जुन्या इमारतींत तळमजल्यानंतर लगेच पहिला मजला येतोच असं नाही. मध्ये 'होखपार्टेर' आणि 'मेझानीन' असे दोन मजले असू शकतात. त्यामुळे जाहिरातीतला 'दुसरा मजला' प्रत्यक्षात चौथा निघतो, आणि तिथल्या जुन्या घरांची छतं उंच, म्हणजे जिनेही लांब. गुडघेदुखी असलेलं कोणी बरोबर असेल तर 'लिफ्ट आहे का, आणि ती थेट आपल्या मजल्यापर्यंत येते का', हे लेखी विचारा. स्वयंपाकघर असलेला फ्लॅट घेतला तर वरण-भाताची सोय होते. मात्र रात्री दहानंतर शांतता पाळायची असते. शेजारी खरोखर तक्रार करतात.

विमानतळावरून शहरात कसं यायचं?

तीन रस्ते आहेत. हिरवी 'कॅट' गाडी १६ मिनिटांत वीन मिट्टे स्थानकात आणते, पण तिचं तिकीट महाग आणि शहराचा पास तिच्यावर चालत नाही. एस-७ ही लोकल त्याच स्थानकात साधारण २५ मिनिटांत येते आणि बरीच स्वस्त पडते. मुख्य स्थानकाजवळ राहत असाल तर रेलजेट ही लांब पल्ल्याची गाडी घ्या. एस-७ पकडताना एवढं ध्यानात ठेवा की विमानतळ शहराच्या तिकीट-हद्दीबाहेर आहे, त्यामुळे शहराच्या पासासोबत वाढीव तिकीट काढावं लागतं.

शहरात फिरताना तिकिटाचं काय?

मेट्रोला तिथे ऊ-बान म्हणतात. ऊ-१, २, ३, ४ आणि ६ अशा मार्गिका आहेत. एकाच पासावर मेट्रो, ट्राम, बस सगळं चालतं. सहा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही, पुढे पंधरापर्यंत सवलत.

स्थानकात आपल्याकडच्या मेट्रोसारखी आडवी फाटकं नाहीत, सरळ आत जाता येतं. म्हणून तिकीट नको असं समजू नका. कागदी तिकीट निळ्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यावा लागतो. साध्या कपड्यातले तपासनीस अचानक येतात आणि दंड शंभर युरोच्या वर आहे. पर्यटक असल्याची सबब चालत नाही. मेट्रोत खाण्यावर २०१९ पासून बंदी आहे, त्यामुळे चिवड्याचा डबा उतरल्यावर उघडा. आणि मुलांना पहिल्याच दिवशी सायकलमार्ग ओळखायला शिकवा. पदपथाला लागून सायकली भरधाव जातात, आणि आपल्याकडची माणसं हमखास तिथेच फोटो काढायला थांबतात.

श्योनब्रुन राजवाडा एका दिवसात होतो का? आत जावंच लागतं का?

राजवाड्यात १,४४१ खोल्या आहेत. पर्यटकांना त्यातल्या मोजक्याच दाखवतात, आणि मुलांसोबत छोटी फेरी पुरते. वेळ ठरवून आधीच ऑनलाइन तिकीट घ्या, कारण गर्दीच्या दिवशी तिकीट खिडकीवर दुपारच्या वेळा उरतात. हा वाडा सरकारी संग्रहालयांच्या मोफत सवलतीत येत नाही.

आत आरशांच्या दालनात थांबा. १७६२ मध्ये सहा वर्षांचा मोझार्ट महाराणी मारिया तेरेसाला आपलं वादन ऐकवायला या वाड्यात आला होता. याच मारिया तेरेसाची सोळा अपत्यं, त्यातलं पंधरावं म्हणजे पुढे फ्रान्सची राणी झालेली मारी आंत्वानेत. घरात सहा वर्षांचं कोणी असेल तर मोझार्टची गोष्ट त्याला तिथेच सांगा, आदल्या रात्री नको.

बाग फुकट आहे. टेकडीवरच्या ग्लोरिएट या कमानींच्या इमारतीपर्यंत चढ आहे, तो सगळ्यांना झेपेलच असं नाही. हंगामात बागेतून छोटी आगगाडी फिरते, आजी-आजोबांना तिच्यात बसवा. याच आवारात १७५२ मध्ये सुरू झालेलं प्राणिसंग्रहालय आहे, आजही चालू असलेलं जगातलं सर्वांत जुनं. त्याला अर्धा दिवस सहज लागतो, म्हणून वाडा आणि प्राणी एकाच दिवशी करू नका. वाड्यासाठी ऊ-४ वर श्योनब्रुन स्थानकाला उतरा, प्राण्यांसाठी पुढच्या हिट्सिंगला.

संग्रहालयात मुलं कंटाळणार. तिथे न्यावं का?

न्यावं, पण सगळं दाखवायला नाही.

मारिया तेरेसा चौकात समोरासमोर दोन जुळ्या इमारती आहेत. एक निसर्ग-इतिहासाची, १८८९ मध्ये उघडलेली. दुसरी कलेची, १८९१ मधली. पहिलीत डायनासोर आहेत, तेवढ्यावर मुलं एक तास काढतात. तिथेच एका अंधाऱ्या छोट्या दालनात विलेनडॉर्फची व्हीनस आहे, जेमतेम ११ सेंटिमीटरची दगडी बाई, सुमारे २९,५०० वर्षं जुनी, १९०८ मध्ये डॅन्यूबच्या काठी सापडलेली.

दुसऱ्या इमारतीत फक्त चित्रकार ब्रॉयगेलच्या दालनासाठी जा. जगात त्याची सर्वांत जास्त चित्रं इथे आहेत. तिथे १५६० मधलं 'मुलांचे खेळ' हे चित्र शोधा. एका गावच्या चौकात दोनशेहून अधिक मुलं ऐंशीच्या वर खेळ खेळताहेत. मोठ्यांनी मागे उभं राहावं आणि मुलांनी एक एक खेळ शोधावा. डावीकडे खाली दोन मुली हाडांचे सागरगोटे खेळताना दिसतील. कोणी चाक हाकतंय, कोणी पिंपावर बसलंय, कोणी उंच काठ्यांवर चालतंय, एकीकडे आंधळी कोशिंबीर रंगलीय. हे सगळे खेळ आपल्या आजीला येतात, आईला निम्मे, आणि मुलांना एखाददुसरा. या चित्रासमोर आजीला बोलू द्या. मार्गदर्शकाच्या कानात घालायच्या यंत्राची गरज पडत नाही. पाचशे वर्षांपूर्वीच्या परक्या देशातल्या पोरांबद्दल घरचं माणूस जेव्हा 'हा तर आमचाच खेळ' म्हणतं, तेव्हा मुलं चित्र बघायला शिकतात. माझ्या लेखी व्हिएन्नाला जाण्याचं हे एक कारण पुरेसं आहे.

त्याच भिंतींवर 'बाबेलचा मनोरा' आणि 'बर्फातले शिकारी' आहेत. तेवढं बघा आणि घुमटाखालच्या कॅफेत बसा. दोन्ही संग्रहालयं आठवड्यातून एखाद्या वारी बंद असतात, आणि तो वार दोघांचा सारखाच असेल असं धरू नका. मुलांच्या वयाचा पुरावा म्हणून पासपोर्टची प्रत जवळ ठेवा.

चित्रकार क्लिम्टचं 'चुंबन' पाहायचं असेल तर बेल्वेडेर राजवाड्यात जा. तिथेही १९ खालची मुलं मोफत. पण मोठ्यांना वेळ ठरवूनच तिकीट घ्यावं लागतं.

स्टीफन कॅथेड्रलच्या मनोऱ्यावर चढता येतं का?

दक्षिण मनोरा १३६ मीटर उंच आणि गोल गोल ३४३ पायऱ्या. दहा-बारा वर्षांच्या मुलांना आवडेल. बाकीच्यांनी उत्तर मनोऱ्यावर लिफ्टने जावं. तिथे पुमरिन ही प्रचंड घंटा टांगलेली आहे. मूळ घंटा तुर्कांच्या वेढ्यात हस्तगत केलेल्या तोफा वितळवून १७११ मध्ये ओतली होती. १९४५ च्या आगीत ती पडून फुटली, आणि तिच्याच धातूतून नवी घडवली.

तुर्कांनी व्हिएन्नाला घातलेला हा वेढा १६८३ मधला. सप्टेंबरात पोलंडचा राजा सोबिएस्की काहलेनबर्ग डोंगरावरून खाली उतरला आणि वेढा मोडला. त्याच वर्षाच्या अखेरीस छत्रपती संभाजी महाराज गोव्यात पोर्तुगिजांवर चालून गेले होते. शिवकाळ वाचणाऱ्या मुलांना ही तारीख अशी जोडून दिली की पक्की बसते. काहलेनबर्गला आजही जाता येतं. ऊ-४ ने हायलिगेनश्टाट, तिथून ३८-ए बस. वरून द्राक्षमळे आणि अख्खं शहर दिसतं, तेही शहराच्याच पासावर.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी तर राहणार नाही ना?

नाही, पण विचारल्याशिवाय काही तोंडात टाकू नका. साधं भाजीचं दिसणारं सूप बहुतेक वेळा गोमांसाच्या पाण्यात केलेलं असतं. कनोडल नावाच्या गोळ्यांत डुकराच्या मांसाचे तुकडे असू शकतात. बटाट्याचे फ्राइज श्निट्सेलच्याच, म्हणजे तळलेल्या मांसाच्या तेलात तळलेले असू शकतात.

एक युक्ती सांगतो. ऑस्ट्रियातल्या मेन्यूकार्डावर पदार्थापुढे बारीक इंग्रजी अक्षरं असतात. ती ॲलर्जीसाठी आहेत. 'सी' म्हणजे अंडं, 'जी' म्हणजे दूध, 'डी' म्हणजे मासे, 'ए' म्हणजे गव्हासारखी धान्यं. अंडं न खाणाऱ्यांना ही अक्षरं फार उपयोगी पडतात. कायझरश्मार्न या गोड पदार्थापुढे 'सी' दिसेलच, आणि केझश्पेट्सले हे चीजचे शेवयासारखे तुकडेही अंड्याचेच असतात. मात्र मांसासाठी अक्षर नाही, ते तोंडी विचारावंच लागतं. सफरचंदाचा श्ट्रूडेल बऱ्याच ठिकाणी अंड्याविना असतो, तरी 'सी' बघा. प्राटर या पाळण्यांच्या बागेत लांगोश मिळतो, लसूण लावलेला तळलेला पाव, भटुऱ्याचा थोरला भाऊच म्हणा. मुलांचं पोट त्यावर भरतं.

फलाफलची दुकानं, पिझ्झा आणि भारतीय हॉटेलं भरपूर आहेत. पण स्वयंपाकघर असेल तर नाशमार्क्ट या बाजारातून भाजी आणून घरी शिजवण्याला तोड नाही.

घरून काय न्यावं? हापूसची पेटी नेता येईल?

नाही. युरोपीय संघात बाहेरून येताना ताजी फळं-भाज्या आणायला वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. सूट फक्त अननस, नारळ, केळी, खजूर आणि डुरियन यांना आहे. आंबा त्यात बसत नाही. कढीपत्ताही नाही. दूध आणि मांसाचे पदार्थ प्रवाशांच्या सामानातून चालत नाहीत, म्हणून तूप, पेढे, श्रीखंड, चक्का घरीच ठेवा. तिथे नातेवाईक राहत असतील आणि त्यांनी 'थोडं तूप आणाच' म्हणून आग्रह केला, तरी नम्रपणे नाही म्हणा.

भाजणी, मेतकूट, चटण्या, लोणचं, पोहे, मूगडाळ, सांडगे, कोरडे मसाले हे नीट बंद पाकिटात न्या. लोणचं केबिनच्या बॅगेत नको, चेक-इनच्या सामानात घाला.

रविवारी पोहोचतोय. काही अडचण?

मोठी. रविवारी आणि सणाच्या दिवशी सुपरमार्केटसह जवळजवळ सगळी दुकानं बंद असतात. दूध-ब्रेड हवं असेल तर मुख्य स्थानक, प्राटरश्टेर्न अशा मोठ्या स्थानकांतली दुकानं उघडी मिळतात, पण तिथे रांगा लागतात. मे महिन्यात एक मे आणि चर्चचे काही सण येतात, तेव्हाही हीच तऱ्हा. संग्रहालयं मात्र रविवारी चालू असतात.

बाटलीबंद पाणी विकत घ्यावं का?

अजिबात नको. व्हिएन्नाच्या नळाला आल्प्समधल्या झऱ्यांचं पाणी येतं. पहिली जलवाहिनी १८७३ मध्ये, दुसरी १९१० मध्ये सुरू झाली. नळाचं पाणी थंडगार आणि गोड लागतं, रस्त्यांवर पाणपोया आहेत. प्रत्येकाची एक बाटली ठेवा. दुकानातली बाटली घेतलीच तर ती सोड्याची तर नाही ना, ते बघा.

प्राटर काय आहे?

जुनी शाही शिकारीची जागा, १७६६ मध्ये सम्राट योसेफ दुसरा याने सर्वांसाठी खुली केली. आत यायला पैसे नाहीत, प्रत्येक पाळण्याचे वेगळे. १८९७ मधला ६५ मीटरचा उंच पाळणा हळू फिरतो, डबे बंद आहेत, आजी-आजोबांनाही भीती वाटत नाही. मुलांना किती पाळणे, हे फाटकातच ठरवा.

संगीताचा कार्यक्रम बघायचाच आहे. रस्त्यावर मोझार्टच्या वेशात तिकिटं विकतात, ती घ्यावीत का?

नका घेऊ. ते पर्यटकांसाठीचे कार्यक्रम असतात आणि दर घासाघिशीवर ठरतो. १८६९ मध्ये उघडलेल्या सरकारी ऑपेरात उभ्याने बघायची तिकिटं अगदी स्वस्त मिळतात, पण लहान मुलांना तीन तास उभं करणं योग्य नाही. एप्रिल, मे, जून आणि सप्टेंबरात ऑपेराबाहेरच्या चौकात मोठ्या पडद्यावर काही प्रयोग थेट आणि मोफत दाखवतात. मुलं कंटाळली तर उठून जाता येतं, म्हणून कुटुंबासाठी हेच चांगलं.

आजी-आजोबांच्या स्वच्छतागृहाची अडचण होते, असं ऐकलंय.

खरं आहे, आणि लाजून न बोलता आधी तयारी केलेली बरी. जेट स्प्रे कुठेही नसतो, छोटी रिकामी बाटली पिशवीत ठेवा. सार्वजनिक ठिकाणी साधारण अर्धा युरो लागतो, म्हणून नाणी जवळ हवीत. संग्रहालयांत मोफत आणि स्वच्छ सोय असते, तिथून निघताना सगळ्यांनी जाऊन या. कॅफेत एक कॉफी घेतली तर तासभर बसलं तरी कोणी उठवत नाही, ती तिथली जुनी रीत आहे.

हॉलस्टॅट हे तळ्याकाठचं गाव एका दिवसात होईल का?

होतं, पण जाऊन-येऊन सात तास गाडीत. तीन पिढ्यांना हे मी सुचवणार नाही. डॅन्यूबकाठच्या वाखाऊ खोऱ्यातली बोटीची सफर किंवा तासाभरावरचं ब्राटिस्लाव्हा निवडा. ब्राटिस्लाव्हा स्लोव्हाकियात असलं तरी शेंगेनमध्येच आहे, चलनही युरोच. पासपोर्ट मात्र बरोबर हवा.

कोणी आजारी पडलं किंवा पासपोर्ट हरवला तर?

११२ हा सर्वसाधारण आणीबाणीचा नंबर, रुग्णवाहिकेसाठी १४४, पोलिसांसाठी १३३. साधी पॅरासिटामॉलही सुपरमार्केटात मिळत नाही, फक्त 'आपोटेके' म्हणजे औषधाच्या दुकानात मिळते. म्हणून नेहमीची औषधं संपूर्ण मुक्कामाला पुरतील एवढी, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, दोन वेगवेगळ्या बॅगांत विभागून न्या. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार, मग भारतीय दूतावास. तो ऑपेराजवळच केर्न्टनर रिंगवर आहे. सगळ्यांच्या पासपोर्ट-व्हिसाचे फोटो घरातल्या किमान दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा, आणि मुलांच्या खिशात मुक्कामाचा पत्ता व तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी रोज सकाळी घाला.